कीर्ती आणि तिचे मोल

वाशीम जिल्ह्यात जत्रेच्या निमित्ताने एखाद्या गावी कुस्त्यांची दंगल भरते, तेव्हा तिथे एक हिशेब अगदी उघड्यावर, भर माणसांत चाललेला असतो. लहान पोरांच्या कुस्त्या रेवडीवर नाहीतर नारळावर लागतात. पुढे जोड वाढत जाते तसे इनामही चढत जाते. शेवटची मानाची कुस्ती लागली, की पुकारणारा गडी इनामाचा आकडा ओरडून सांगतो. ते कोणी लावले, कोणाच्या स्मरणार्थ लावले, हेही सांगतो. कुस्ती निकाली होते, जिंकलेला मल्ल मातीने माखलेल्या अंगाने फडातून फेरी मारतो आणि खूश झालेले लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात.

या फेरीकडे नीट पहा. कुस्ती मारल्याचे इनाम त्याला मिळालेच आहे. फेरीत जे मिळते ते डावाचे मोल नव्हे, नावाचे मोल आहे. आणि ज्या दुकानदाराने इनाम लावले, त्याचेही नाव त्या दुपारी साऱ्या पंचक्रोशीच्या कानांवर गेले; ते काही फुकट गेले नाही! खेळाडूची कीर्ती, तिच्याभोवती जमलेली माणसे आणि त्या माणसांपर्यंत आपले नाव पोहोचवू पाहणारा कोणी देणारा, या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्या म्हणजे पैसा उभा राहतो. आजचा जगज्जेता खेळाडू जाहिरातींतून कोट्यवधी रुपये मिळवतो, तो याच हिशेबाने. फड मोठा झाला, एवढाच फरक.

पण मग एक प्रश्न पडतो. कीर्ती तर आपल्या खेळाडूंनी शंभर वर्षांपूर्वीही मिळवली होती. मग एकाच्या वाट्याला कोटी रुपये यावेत आणि दुसऱ्याच्या वाट्याला कर्ज यावे, असे का? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधायचे, तर आपल्या विदर्भातूनच सुरुवात करता येईल.

कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. उंच, ताठ बांध्याचा हा फलंदाज चेंडू सीमेपलीकडे भिरकावून देण्यासाठी प्रसिद्ध. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघातर्फे खेळताना त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षटकार होते. खेळ पाहायला लोक आजूबाजूच्या झाडांवर आणि गच्च्यांवर चढले होते. पाहुण्या संघाने खूश होऊन त्यांना चांदीची बॅट दिली. पुढे १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा संघनायक नायडूच होते.

एवढ्या कीर्तीवर घर कसे चालले? तर राजाश्रयावर. १९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात अधिकाराची जागा दिली. त्यांच्या नावामागचे ‘कर्नल’ हे बिरूद तिथलेच. त्या काळी गवई असो, मल्ल असो की क्रिकेटपटू असो, संस्थानिकाचा आश्रय हाच त्याचा खुराक. कलावंत राजाची शोभा वाढवी आणि राजा त्याच्या पोटाची काळजी घेई. व्यवहार दोघांनाही सोयीचा होता. मात्र किल्ली एकाच हातात होती. मर्जी फिरली की खुराक बंद!

नायडूंच्या चरित्रात एक लहानशी गोष्ट आहे आणि आपल्या विषयाला तीच सर्वांत जवळची. १९४१ साली बाथगेट लिव्हर टॉनिक नावाच्या औषधाच्या जाहिरातीसाठी त्यांनी आपले नाव दिले. एखाद्या मालाची भलामण करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. यकृताचे औषध आणि षटकार यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध कीर्तीचा. ज्याच्या अंगात इतके बळ तो जे घेतो ते आपणही घ्यावे, असे माणसाला वाटते. व्यापारी हे वाटणे विकत घेतो. राजाश्रयाचे दिवस मावळत असताना नव्या आश्रयाची ही पहिली चाहूल होती.

आता सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी जाऊ. खाशाबा जाधव तिथले. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून, आणि तिथे गादीवरच्या कुस्तीची फारशी सवय नसतानाही सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा संस्थाने विलीन झाली होती. राजाश्रय संपला होता आणि दुसरा कोणताच आश्रय अजून उभा राहिला नव्हता. अशा वेळी धावून आले ते लोक. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या कुस्तीसाठी गुरूने घर गहाण टाकावे, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये अशी आहे.

हेलसिंकीला १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक. ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल वाजले, गुलाल उधळला. आणि नंतर? नंतर खाशाबांनी कुस्त्या मारून पैसे मिळवले आणि प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. सारी नोकरी इमानाने केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा.

खाशाबांची कीर्ती कमी होती काय? मुळीच नाही. गुलाल खरा होता, गर्दी खरी होती. पण जत्रेतल्या फडाचा आपला हिशेब आठवा. त्या गर्दीपुढे आपले नाव पुकारून घेण्यासाठी पैसा मोजणारा देणारा अजून आला नव्हता. कऱ्हाडच्या रस्त्यावरची मिरवणूक वाशीमला, नागपूरला किंवा दिल्लीला दाखवणारे साधनही नव्हते. आणि तिसरी अडचण अशी, की ऑलिंपिकच्या नियमांनाच हा व्यवहार मान्य नव्हता.

हा नियम हौशीपणाचा. ऑलिंपिकमध्ये उतरणारा खेळाडू केवळ हौसेखातर खेळणारा असावा, खेळातून त्याने दमडीही मिळवू नये, असा दंडक होता. ऐकायला मोठा उदात्त! पण हौस परवडते कोणाला? ज्याच्या घरी खायला आहे त्याला. इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू लोकांनी केलेला हा नियम गरिबाच्या पोराला दारातच अडवत असे. खाशाबांनी पदक मिळवले त्याच साली, म्हणजे १९५२ मध्ये, अमेरिकेचे ॲव्हरी ब्रंडेज हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष निवडले गेले. १९७२ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते आणि या नियमाची त्यांनी डोळ्यांत तेल घालून राखण केली.

त्या नियमाची खरी झटापट झाली ती मात्र कुस्तीच्या मातीत नव्हे, बर्फात. युरोपात आल्प्सच्या उतारांवर पायांना लांब, निमुळत्या पट्ट्या बांधून घसरत जाण्याची शर्यत असते. तिला स्कीइंग म्हणतात. उतारावरच्या सर्वांत वेगवान शर्यतीत गडी ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने खाली येतो. आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पहा. आल्प्समध्ये सुटीला येणारे हजारो लोक याच पट्ट्या, हेच बूट, हेच चष्मे विकत घेतात. विजेत्याने कोणत्या कारखान्याच्या पट्ट्या वापरल्या, याला म्हणूनच सोन्याचे मोल. शर्यत संपताच विजेता पट्ट्या सोडून उभ्या धरतो आणि त्यांवरचे नाव त्याच्या चेहऱ्याशेजारी छायाचित्रात येते. ही सवय काही आपोआप पडलेली नाही.

फ्रान्सचा जाँ-क्लोद किली याने १९६८ साली ग्रनोब्लच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डोंगरउताराच्या तिन्ही शर्यती जिंकल्या. मग त्याने हौशी खेळाला रामराम ठोकला आणि मार्क मॅककॉर्मॅक या अमेरिकन वकिलाकडे आपले नाव सोपवले. हा वकील मोठा हिकमती. १९६० साली आर्नल्ड पामर या गोल्फपटूशी नुसते हस्तांदोलन करून त्याने हा धंदा आरंभला होता. खेळाडूने खेळावे, त्याच्या नावाचा व्यवहार आपण पाहावा आणि मिळकतीत वाटा घ्यावा, अशी ही नवी अडत. किलीचे नाव लवकरच मोटारींपासून घड्याळांपर्यंत नाना वस्तूंवर झळकू लागले.

दुसरा गडी ऑस्ट्रियाचा, कार्ल श्रान्त्स. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी तो जपानमध्ये साप्पोरोला पोहोचलाही होता. त्याचे एक छायाचित्र पुढे आले: फुटबॉल खेळताना घातलेल्या सदऱ्यावर एका कॉफीचे नाव. ब्रंडेजसाहेबांनी त्याला स्पर्धेतून घालवून दिले. तो मायदेशी परतला तेव्हा व्हिएन्नात सुमारे लाखभर लोक त्याच्या स्वागताला लोटले. शर्यत न धावताच तो राष्ट्रवीर झाला! त्याच वर्षी ब्रंडेज पायउतार झाले. १९७४ पासून नियम सैल होत गेला आणि १९८६ साली व्यावसायिक खेळाडू घ्यावे की नाही, हे त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर सोपवण्यात आले. आज स्कीपटूच्या शिरस्त्राणाचा पुढचा भाग म्हणजे त्याच्या मालकीची भाड्याने देण्याची जागाच समजतात. विश्वचषकाच्या मालिकेत शंभरावर शर्यती जिंकलेल्या मिकेला शिफ्रिन या अमेरिकन मुलीच्या कपाळावर कित्येक वर्षे एका इटालियन शेवयांच्या कंपनीचे नाव झळकत होते. शेवया आणि बर्फ यांचा संबंध तोच, जो यकृताचे औषध आणि षटकार यांचा!

नियमाची आडकाठी अशी दूर झाली. क्रिकेटला तर ती ऑलिंपिकची आडकाठी नव्हतीच. मुंबईच्या फारुख इंजिनिअरने १९६० च्या दशकात केसांच्या ब्रिलक्रीमची जाहिरात केली, ती त्यामुळेच निर्वेध. पण आपल्याकडे राहिला होता फड मोठा करण्याचा प्रश्न. मैदानावर बसणार पन्नास हजार माणसे. बाकीच्या देशाचे काय? इथे आकाशवाणीचे नाव घ्यावे लागते. समालोचनामुळे सामना खेड्यापाड्यांत गेला. पिंपळाच्या पारावर एक ट्रान्झिस्टर आणि भोवती वीस डोकी, असे दृश्य आपल्या वऱ्हाडातही होतेच. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. म्हणजे जाहिरातीचा आवाज विदर्भाच्या कानी पडला तो अगदी पहिल्या दिवसापासून. मुंबईला दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ ला, दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६ मध्ये, आणि १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंग आले. कानांनी ओळखीचे झालेले नाव आता डोळ्यांनाही दिसू लागले.

सुनील गावसकरांचा काळ नेमका हाच. १९७१ साली वेस्ट इंडीजच्या पहिल्याच दौऱ्यात ७७४ धावा काढून ते घराघरांत पोहोचले. कापडाच्या आणि थंड पेयाच्या जाहिरातींत ते दिसले. ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात नायक म्हणूनही दिसले. पण त्यांचा खरा शहाणपणा असा, की १९८५ साली त्यांनी खेळाडूंचे व्यवहार पाहणारी संस्थाच काढली. मॅककॉर्मॅकची अडत मुंबईत आली ती अशी.

तरीही तो काळ किती कडकीचा होता, पहा. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा विजेत्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला. त्या पैशांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. एका क्षेत्रातली कीर्ती दुसऱ्या क्षेत्रातल्या कीर्तीच्या मदतीला अशी धावून गेली.

पुढच्या बारा वर्षांत मात्र सारे पालटले. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांना दारे खुली झाली. उपग्रहावरून नव्या वाहिन्या आल्या. आणि प्रत्येकाला कोट्यवधी घरांत शिरण्यासाठी ओळखीचा चेहरा हवा होता. तो चेहरा वांद्र्याच्या साहित्य सहवासात, एका मराठी प्राध्यापकाच्या घरी वाढला होता. १९९५ साली मार्क मस्कारेन्हस यांच्या वर्ल्डटेल कंपनीने सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सुमारे ३० कोटी रुपये सांगितली गेली. करार म्हणजे काय, तेही समजून घ्या. जाहिरातदार मिळोत न मिळोत, ठरलेली रक्कम खेळाडूला द्यायची हमी कंपनीने घेतली. मग तिने ते नाव एकेका व्यापाऱ्याला, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मालासाठी दिले. एका पेयाची जाहिरात करणाऱ्याने दुसऱ्या पेयाची करायची नाही, अशा अटी आल्या. शेतीच्या भाषेत सांगायचे, तर नाव ही जमीन. ती विकायची नाही, मक्त्याने द्यायची. खेळाडू चांगला खेळत राहिला तर मक्ता वाढतो. पडीक पडली तर कुळ फिरकत नाही. २००१ मध्ये हाच करार ८० कोटींच्या घरात गेला. २००२ च्या जानेवारीत मस्कारेन्हस नागपूरजवळ मोटार अपघातात गेले. भारतीय खेळाडूच्या नावाचे मोल जगाला दाखवून देणाऱ्या या माणसाची अखेर विदर्भाच्या रस्त्यावर व्हावी, हा योगायोग मनाला चटका लावतो.

या साऱ्या आकड्यांहून मला महत्त्वाची वाटते ती १९९६ च्या विश्वचषकातली गोष्ट. त्या स्पर्धेत सर्वाधिक ५२३ धावा सचिनने काढल्या आणि त्या ज्या बॅटीने काढल्या तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. कोरी बॅट! जगातल्या सर्वांत महाग जागेवर पाटीच नाही. याच काळात तंबाखू आणि मद्याच्या कंपन्या खेळाडूंच्या मागे होत्या. आपण अशा वस्तूंची जाहिरात करणार नाही, असा शब्द वडिलांना दिला होता, हे सचिनने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. रमेश तेंडुलकर हे कवी आणि अध्यापक. मुलाला मैदानात पाहून लाखो पोरे त्याचे अनुकरण करतील, हे त्यांना उमगले होते. विश्वचषकानंतर त्या बॅटीवर टायरच्या कंपनीचे नाव आले, ते बरीच वर्षे टिकले. तात्पर्य, नाव मक्त्याने देता येते, पण कोणाला द्यायचे हे ठरवणे जमीनमालकाच्याच हाती राहते. ते हातचे गेले, की कीर्तीही हातची जाते.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. व्यापाराचा आश्रय उदार दिसला, तरी तो निवडक आहे. तो गुण पाहत नाही, गर्दी पाहतो. ज्या खेळाकडे डोळे लागलेले, त्याच खेळाकडे पैसा वळतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावी आली. त्या रात्री किती घरे जागी होती? तिला आधार मिळाला तो शासकीय सेवेत अधिकारपदाचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. खाशाबांच्या नंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक! राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले आणि रेल्वेने त्याला वरची जागा दिली.

खाशाबांचे पदक कांस्य, स्वप्नीलचेही कांस्य. एकाला घर गहाण टाकणारा गुरू लागला. दुसऱ्याला विजयानंतर कोटी रुपये मिळाले. मधल्या काळात समाजाने काही शिकले आहे, असे म्हणायला हरकत नाही. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. ‘महाराष्ट्र केसरी’च्या विजेत्याला २०२३ साली पुण्यात गदेबरोबर मोटारगाडीही मिळाली. एका अर्थी राजाश्रयच परत आला आहे, फक्त राजाच्या जागी शासन आहे आणि किल्ली, निदान कागदावर तरी, लोकांच्या हाती आहे.

पण बारकाईने पाहिले तर एक उणीव तशीच आहे. शासनाचा कोटी असो की व्यापाऱ्याचा करार असो, दोन्ही येतात ते जिंकल्यानंतर. पीक हाती आल्यावर सावकार दारात उभा राहतो. बी-बियाण्याला पैसा लागतो तेव्हा कोणी नसतो. वाशीमच्या किंवा कारंज्याच्या एखाद्या पोरीला पळायचे आहे, मंगरूळपीरच्या एखाद्या पोराला लाल मातीतून गादीवर जायचे आहे, तर त्यांना आज हवा आहे तो खुराक, बूट, वस्ताद आणि स्पर्धेला जायचे एस. टी. चे भाडे. त्या वेळी त्यांच्याजवळ कीर्ती नाही, म्हणून गर्दी नाही, आणि गर्दी नाही म्हणून देणाराही नाही. ही पोकळी बाजार भरून काढणार नाही. तसा त्याचा स्वभावच नाही. ती भरली होती गोळेश्वरच्या वर्गणीने आणि खर्डेकरांच्या घराने.

अमरावतीचेच उदाहरण घ्या ना. १९१४ साली वैद्य बंधूंनी तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. त्याच मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले. त्यामागे ना राजा होता, ना कंपनी. होती ती लोकांनी चालवलेली तालीम. वऱ्हाडाला ही वाट अनोळखी नाही.

खेळाडूने कीर्तीचे मोल घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. शरीराची कमाई दहा-बारा वर्षांची, पुढचे आयुष्य लांब. हौशीपणाच्या नावाखाली त्याला उपाशी ठेवणारा नियम मोडला हे चांगलेच झाले. मात्र दूरदर्शनवर एखाद्या विजेत्याचा हसरा चेहरा पाहाल तेव्हा एवढे लक्षात असू द्या, की ज्याने त्याला कोटी दिले त्याचे नाव त्या चेहऱ्याशेजारी लिहिलेले आहे. ज्याने पहिला बूट घेऊन दिला त्याचे नाव कुठेच लिहिलेले नसते. आपल्या गावात ते काम कोणी करत असेल, तर त्याचा शोध घ्या. आणि कोणीच करत नसेल, तर ती जागा रिकामी आहे असे समजा.